पॉलिमर, मोनोमर, प्लास्टिक वगैरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडं माझ्याबद्दल. पॉलिमर केमिस्ट्रीत एमएस्सी केलं, मग भोसरी एमआयडीसीत एका छोट्या इंजेक्शन मोल्डिंगच्या (वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून पार्ट बनवायच्या) शॉपवर बरीच वर्षं क्वालिटी बघितली, आणि आता कोथरूडला घरीच अकरावी-बारावीची केमिस्ट्री शिकवते. दर वर्षी पोरं तेच प्रश्न विचारतात, त्यांच्या आया क्लासच्या दारात उभ्या राहून वेगळेच विचारतात आणि सोसायटीतल्या काकू तर लिफ्टमध्ये विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. क्रम वगैरे काही नाही, आठवेल तसं लिहिलंय.

पॉलिमर म्हणजे प्लास्टिकच ना?

नाही हो. प्लास्टिक हे पॉलिमर असतं पण पॉलिमर म्हणजे फक्त प्लास्टिक नाही. तुमची सुती साडी पॉलिमर आहे, तिला घातलेली खळ पॉलिमर आहे, साबुदाणा, केस, नखं, रेशीम, रबर, तुमच्या पेशीतला डीएनए, सगळे पॉलिमर. छोटा रेणू, म्हणजे मोनोमर, एकाला एक एकाला एक असा शेकड्यांनी हजारांनी जोडत गेलं की जो लांबलचक रेणू होतो तो पॉलिमर, बस. आज हे सोपं वाटतं पण १९२० साली हेरमान श्टाउडिंगर या जर्मन केमिस्टनं जेव्हा लिहिलं की रबर म्हणजे खरोखरच्या रासायनिक बाँडनी (बंधांनी) जोडलेले लांब रेणू आहेत तेव्हा भल्याभल्यांना ते पटलं नव्हतं, त्यांचं म्हणणं की हे छोटेच रेणू आहेत आणि नुसते एकमेकांना चिकटून गोळा झालेत. त्याला नोबेल मिळायला १९५३ उजाडलं. म्हणजे तुम्हाला पहिल्या लेक्चरला नाही कळलं तर एवढं काही वाईट वाटून घेऊ नका.

कुठलाही रेणू मोनोमर होऊ शकतो का?

नाही. त्याला निदान दोन हात लागतात, हात म्हणजे दुसऱ्या रेणूशी बाँड करता येईल अशी जागा. एकच हात असेल तर तो एकाचा हात धरणार आणि गाडी तिथंच थांबणार. दोन हात असले की सरळ साखळी होते आणि तीन असले की जाळं होतं. हे हातांचं गणित नीट डोक्यात बसवा, पुढचं अर्धं उत्तर त्यातच आहे. डबल बाँड असेल तर तोही दोन हातच समजायचे कारण तो उघडला की दोन्ही बाजूंना एकेक बाँड करता येतो.

साखळी तयार होते म्हणजे नक्की काय होतं? पुस्तकात इनिशिएशन, प्रोपॅगेशन, टर्मिनेशन असं पाठ करायला दिलंय, डोळ्यासमोर काही येत नाही.

बरं, मंडईबाहेर हार ओवणाऱ्या बायका बघितल्यात ना, एका हातात लांब सुई, समोर टोपलीत फुलं, आणि सुई एकेक फूल उचलत जाते. टोपलीतली फुलं आपापसात जोडली जात नाहीत, सुई जिथं आहे तिथंच हार वाढतो. इथिलीनचं, म्हणजे डबल बाँड असलेल्या पॉलिथिनच्या मोनोमरचं, तसंच. नुसतं इथिलीन एका भांड्यात ठेवलं तर ते वर्षभर इथिलीनच राहील. त्यात बेंझॉईल पेरॉक्साईडसारखं काही टाकून गरम केलं की त्याचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर एक इलेक्ट्रॉन एकटा पडतो. हा एकटा इलेक्ट्रॉन म्हणजे सुईचं टोक, त्याला काही करून जोडीदार पाहिजे, तो इथिलीनचा डबल बाँड उघडतो, एक इलेक्ट्रॉन घेतो, बाँड होतो, पण मग दुसरा इलेक्ट्रॉन त्या इथिलीनच्या दुसऱ्या टोकाला एकटा पडतो. म्हणजे टोक मरत नाही, एक घर पुढं सरकतं, आणि असं हजारो वेळा. ते सुरू करणं म्हणजे इनिशिएशन, सरकत जाणं म्हणजे प्रोपॅगेशन, आणि दोन टोकं एकमेकांना भेटली आणि दोघांची जोडी जमली की दोन्ही साखळ्या एकदम संपतात, ते टर्मिनेशन. (हाराच्या उदाहरणात एक खोट आहे ती सांगून ठेवते, इथं दोरा नसतो, फुलंच फुलांना धरतात.)

यातली गंमत बघा. एक साखळी सुरू होऊन संपायला साधारण काही सेकंद लागतात, कधी त्याहून कमी. म्हणजे भांड्यातलं दहा टक्केच इथिलीन संपलेलं असताना आत डोकावलंत तर काय दिसेल? पूर्ण वाढलेल्या लांब साखळ्या आणि आजूबाजूला तसंच पडलेलं इथिलीन. मधलं, अर्धवट, जवळपास काहीच नाही. हे पुढच्या प्रश्नासाठी लक्षात ठेवा.

हे झालं ॲडिशन, मग नायलॉन-पॉलिएस्टर बनतात त्या कंडेन्सेशनमध्ये वेगळं काय? दोन्हीकडं जोडणंच चाललंय की.

फरक मोठा आहे आणि "पाणी बाहेर पडतं" एवढं लिहून पोरं मोकळी होतात, ते मला आवडत नाही. कंडेन्सेशनमध्ये सुई नाहीच. कोजागिरीला गच्चीवर सगळे जमलेत आणि सांगितलं की हात धरून साखळी करा, तर काय होतं? आधी जोड्या होतात, मग दोन जोड्या मिळून चौघं, कुठं तिघं, मग चौघांना तिघं येऊन मिळतात. कुणीही कुणाचाही हात धरू शकतो. सगळे एकदम वाढतात, आणि बराच वेळ सगळ्या साखळ्या बुटक्याच असतात, लांब साखळी होते ती अगदी शेवटी.

किती शेवटी ते वॉलेस कॅरोथर्सनं गणितात मांडलं. ड्यूपाँट कंपनीत काम करायचा, नायलॉन त्याच्याच टीमचं, १९३५. सूत्र एका ओळीचं आहे, सरासरी लांबी बरोबर एक भागिले (एक वजा पी), आणि पी म्हणजे किती हात धरले गेले त्याचा अंश. घाला आकडे. ९५ टक्के हात धरले गेले तर लांबी फक्त २०. बारावीत ९५ टक्के मिळाले तर पेढे वाटाल, इथं ९५ टक्क्याला हातात येतो ठिसूळ चुरा ज्याचा धागा ओढता येत नाही. ९९ टक्के झाले की १००. ९९.५ ला २००. म्हणजे नुसत्या अर्ध्या टक्क्यात लांबी दुप्पट! आणि प्रत्येक जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, तो आत राहिला तर उलट जाऊन साखळी परत तोडतो. कॅरोथर्सची टीम इथंच अडकली होती, पॉलिएस्टर एका लांबीच्या पुढं जाईना, मग त्यांनी व्हॅक्यूमखाली गरम करून पाणी ओढून काढायची युक्ती केली आणि १९३० मध्ये ज्युलियन हिल या त्यांच्यातल्याच माणसानं भांड्यातल्या वितळलेल्या गोळ्यातून कांडी वर ओढली तर तिच्यामागं धागा आला, आणि तो धागा थंड झाल्यावर पुन्हा ओढला तर आणखी मजबूत झाला.

नायलॉन सहा-सहा मधले दोन सहा म्हणजे काय हाही ठरलेला प्रश्न. एका मोनोमरमध्ये सहा कार्बन (हेक्झामिथिलीन डायअमीन) आणि दुसऱ्यात सहा (ॲडिपिक ॲसिड), झालं. दोघं अगदी मोजून एकास एक लागतात, एकाचे हात उरले की साखळीच्या दोन्ही टोकांना तोच येऊन बसतो आणि धरायला समोर कुणी नाही.

पॉलिथिन कुणी शोधलं?

चुकून सापडलं. १९३३, इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत गिब्सन आणि फॉसेट हे दोघं इथिलीन प्रचंड दाबाखाली दुसऱ्याच रिॲक्शनसाठी वापरत होते, भांड्यात मेणासारखं पांढरं काहीतरी उरलं. आणि ते परत करायला गेले तर नीट जमेना, कारण ती रिॲक्शन सुरू होते ती इथिलीनमध्ये राहिलेल्या जराशा ऑक्सिजननं, आणि ऑक्सिजन किती आहे हे कुणी मोजतच नव्हतं. तो ऑक्सिजन म्हणजेच इथली सुई होती.

पिशवीचं पॉलिथिन मऊ आणि पाण्याच्या ड्रमचं कडक, तरी दोन्ही पॉलिथिनच कसं?

मोनोमर एकच, फांद्यांचा फरक. प्रचंड दाबात बनवलं की वाढणारं टोक कधी कधी वळून स्वतःच्याच साखळीला चावतं आणि तिथून फांदी फुटते. फांद्या असलेल्या साखळ्या एकमेकींजवळ नीट लागत नाहीत, जसं काटेरी बाभळीची लाकडं रचायला गेलात तर मधे पोकळ्या राहणार, म्हणून ते हलकं, मऊ, एलडीपीई (लो डेन्सिटी, म्हणजे कमी घनतेचं पॉलिथिन). १९५३ मध्ये कार्ल त्सिग्लरनं टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमची संयुगं वापरून साध्या दाबाला, जवळपास बिनफांद्यांचं बनवलं, ते सरळ दांड्यांसारखं रचलं जातं, एचडीपीई (हाय डेन्सिटी). पुढच्याच वर्षी जुलिओ नाट्टानं तेच कॅटॅलिस्ट वापरून पॉलिप्रॉपिलीन असं बनवलं की त्याचे बाजूचे मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) सगळे एकाच बाजूला. तुमचा मायक्रोवेव्हचा डबा चहाच्या तापमानाला मऊ पडत नाही ते त्यामुळं, ते गट इकडंतिकडं असते तर हातात चिकट लगदा असता. दोघांना मिळून १९६३ चं नोबेल.

एका पॉलिमरचा मॉलिक्युलर वेट किती? उत्तरपत्रिकेत एक आकडा लिहायचाय.

एक आकडा नसतोच. इथिलीनचं २८, दहा हजार जोडले तर २,८०,०००, पण शेजारच्या साखळीत नऊ हजार असतील आणि तिच्या शेजारी चौदा. म्हणून सरासरी सांगतात.

बेकेलाईट परत वितळत नाही, बादली वितळते, असं का?

आधी म्हटलं ना हातांचं गणित. बादलीत साखळ्या सुट्या आहेत, शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या पण जोडलेल्या नाहीत, गरम केलं की सरकतात, थंड झालं की थांबतात. हे थर्मोप्लास्टिक. भोसरीत आम्ही रनर (साच्याच्या वाटेत घट्ट झालेलं प्लास्टिक) आणि रिजेक्ट पार्ट ग्राइंडरमध्ये घालून परत प्लास्टिकच्या नव्या दाण्यात मिसळायचो ते याच जिवावर (किती टक्के मिसळायचं यावरून मालकाशी रोज भांडण, कारण प्रत्येक फेरीला साखळ्या थोड्या तुटतात आणि पार्ट ठिसूळ होतो, पण दाणा महाग).

फिनॉलला मात्र तीन जागी हात आहेत, फॉर्मल्डिहाईडला दोन. एकदा तापवून दाबलं की चारी दिशांनी जाळं, आणि अख्खा पार्ट म्हणजे जवळपास एकच रेणू. त्याला वितळवायचं म्हणजे बाँडच तोडायचे, म्हणजे जळणार. लिओ बेकलँडनं हे १९०७ मध्ये केलं. सदाशिव-नारायणातल्या जुन्या वाड्यांत ते काळे गोल खटक्यांचे स्विच असायचे ते हेच, आणि कुकरची मूठ आजही याच जातीची.

अरल्डाईटमध्ये दोन ट्यूब असतात त्याचं कारणही हेच, एकीत इपॉक्सी, दुसरीत त्याचं जाळं करणारं हार्डनर. एक अनुभव सांगते. आमच्या क्लासच्या एका मुलानं प्रोजेक्टसाठी रेझिनमध्ये फुलं ओतायची म्हणून पाव लिटरचा प्लास्टिकचा ग्लास भरून एकदम मिक्स केलं आणि फोनवर बोलत बसला. पंधरा मिनिटांनी ग्लास वाकडा, रेझिन पिवळं, वर धूर, टेबलावर गोल डाग. पॉलिमर होताना उष्णता बाहेर पडते, पातळ थरात ती निघून जाते, ग्लासात मात्र कोंडते, त्यानं रिॲक्शन वाढते, आणखी उष्णता. थोडं थोडं मिक्स करा आणि पसरट भांड्यात करा.

फेविकॉल आणि फेविक्विक, दोन्ही चिकटवतात, दोन्हीत पॉलिमर बनतो का?

फेविकॉलमध्ये पॉलिमर आधीच बनलेला असतो, पॉलिव्हिनाईल ॲसिटेट, त्याचे बारीक कण पाण्यात तरंगतात म्हणून ते दुधासारखं पांढरं दिसतं. पाणी उडालं की कण एकमेकांत मिसळून पारदर्शक थर होतो. नवीन रिॲक्शन काही नाही, म्हणून पावसाळ्यात वाळायला जीव जातो.

फेविक्विक उलटं. ट्यूबमध्ये नुसता मोनोमर आहे, सायनोॲक्रिलेट, आणि त्याची सुई म्हणजे हवेतला, वस्तूवरचा किंवा तुमच्या बोटावरचा ओलावा. म्हणून वस्तू राहते बाजूला आणि बोटं आधी चिकटतात. सुती कापडावर किंवा कापसावर सांडू देऊ नका, इतक्या झपाट्यानं पॉलिमर होतो की चांगलाच चटका बसतो.

रबर ताणलं की परत का येतं?

हातातलं रबरबँड घ्या, ओठाला लावा, झटकन ताणा. कोमट लागेल. तसंच ताणून थोडा वेळ धरा, मग सोडून परत ओठाला लावा, गार लागेल. खरंच करा, मी थांबते.

रबराच्या साखळ्या आरामात असताना कशाही गोळा होऊन पडलेल्या असतात, ताणलं की सरळ होतात, म्हणजे शिस्तीत येतात, आणि त्यांना शिस्त नको असते. सोडलं की परत पसारा. स्प्रिंगसारखे बाँड ताणले जात नाहीत, पसारा कमी होतो म्हणून ओढ लागते. आता साखळ्या सुट्याच असतील तर ताणल्यावर सरकून जातील आणि परत येणार नाहीत, कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं ते त्यामुळं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरनं गंधक घालून तापवलं तर साखळ्यांमध्ये मधे मधे पूल बांधले गेले. शंभर भाग रबराला दोनतीन भाग गंधक घातलं तर रबरबँड, तीस घातलं तर कडक एबोनाईट. टायर वितळवून नवा टायर होत नाही कारण ते पूल सहजी सुटत नाहीत.

माळ्यावरचा रेनकोट दर जूनमध्ये काढला की तडकलेला का असतो?

हा प्रश्न काकूंचा, आणि मला सगळ्यात आवडतो. प्रत्येक पॉलिमरचं एक तापमान असतं, त्याच्या खाली तो काचेसारखा आणि वर तो लवचिक. त्याला टीजी (ग्लास ट्रान्झिशन तापमान) म्हणतात. नुसत्या पीव्हीसीचं टीजी साधारण ८० डिग्री, म्हणजे पुण्यातल्या कुठल्याही उन्हाळ्यात तो कडकच, आणि त्याचेच आपण पाईप करतो. रेनकोट करताना त्यात डीओपीसारखं तेलकट प्लास्टिसायझर घालतात, ते साखळ्यांच्या मधे शिरून त्यांना सुटं ठेवतं, टीजी शून्याच्याही खाली जातं आणि कापड मऊ पडतं. पण ते काही बाँडनी जोडलेलं नाही, हळूहळू बाहेर येतं. नव्या रेनकोटचा वास येतो त्यात त्याचा वाटा आहे आणि घडी उघडताना हाताला जो चिकटपणा लागतो तोही तोच. पत्र्याखाली एक मे महिना काढला की ते बरंच निघून जातं आणि घडीवर चिरा पडतात.

प्यायच्या पाण्याच्या बाटलीत गरम चहा ओतला की बाटली आक्रसते तेही टीजीच. पेटचं, म्हणजे त्या बाटलीच्या प्लास्टिकचं, टीजी सत्तरच्या थोडं वर, बाटली फुगवताना साखळ्या ताणून थंड केलेल्या असतात, गरम मिळालं की त्या परत गोळा होतात.

साबुदाणा आणि सुती कापड दोन्ही ग्लुकोजचेच, मग साबुदाणा पचतो आणि कापड का नाही?

जोडणीची दिशा. स्टार्चमध्ये अल्फा जोड, सेल्युलोजमध्ये बीटा. अल्फानं साखळी गोल फिरत जाते, पाणी आत शिरतं, आपल्या लाळेतलं एन्झाईम तोडू शकतं. बीटानं साखळी सरळ पट्टीसारखी, शेजारच्या पट्टीला हायड्रोजन बाँडनी घट्ट, आणि ती तोडणारं एन्झाईम आपल्याकडं नाहीच. खिचडीचा गिचका होतो तो पाणी जास्त झालं की स्टार्चच्या साखळ्या दाण्याबाहेर येतात म्हणून. कृती विचारू नका, माझीही दर एकादशीला जमतेच असं नाही.

गणपतीचं पीओपी पॉलिमर आहे का?

नाही. ते कॅल्शियम सल्फेट, पाणी घेऊन स्फटिक होतात आणि घट्ट बसतं. मखराचं थर्माकोल मात्र पॉलिमर, पॉलिस्टायरीन फुगवलेलं, तेच हेल्मेटच्या आत असतं. पेट्रोल लागलं तर ते विरघळतं, म्हणून हेल्मेट पेट्रोलनं पुसू नका. (पुणेकर घालतील तेव्हा पुसतील, ते सोडा.)

नायलॉनचा पार्ट कधी पाण्यात उकळतात आणि कधी दाणा आधी सुकवतात, हे उलटसुलट काय?

शॉपवर नवीन आलेला प्रत्येक पोरगा हे विचारतो. नायलॉन हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात गोणी उघडी राहिली आणि दाणा ड्रायरमध्ये न सुकवता मशीनला लावला तर बॅरलमध्ये पावणेतीनशे डिग्रीच्या आसपास ते पाणी साखळ्या तोडतं, कॅरोथर्सची रिॲक्शन उलटी. पार्टवर चांदीसारखे रेघोटे येतात आणि हातानं वाकवला तर कट्कन तुटतो. एका जुलैत आमचा अख्खा लॉट असा परत आला होता, गिअर होते छोटे, रात्रपाळीत कुणीतरी ड्रायर बंद करून ठेवलेला.

पण चांगला बनलेला पार्ट मशीनमधून अगदी कोरडा निघतो आणि कोरडं नायलॉन ठिसूळ असतं. त्याला गरम पाण्यात ठेवलं की पाणी साखळ्यांच्या मधे शिरतं, तोडत नाही, रेनकोटातल्या तेलासारखं नुसतं सुटं करतं, आणि पार्ट चिवट होतो. पाणी तेच, वितळलेल्यात शिरलं की कात्री, घट्ट झालेल्यात शिरलं की तेल.

बायोडिग्रेडेबल कप कचऱ्यात टाकला की विरघळतो का?

बहुतेक कप पीएलएचे किंवा आतून पीएलएचा थर दिलेले. लॅक्टिक ॲसिडपासून बनतो, साखळीत एस्टरचे जोड आहेत जे पाणी तोडू शकतं, पण त्यासाठी साधारण ६० डिग्रीचं कंपोस्ट लागतं. तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीत तो तसाच पडून राहील. पॉलिथिनच्या साखळीत तर नुसता कार्बनला कार्बन, पाण्याला धरायला जागाच नाही.

पुण्यात हे सगळं बघायला मिळेल असं ठिकाण?

पाषाण रोडची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), १९५० पासून आहे, पॉलिमरवर तिथं मोठं काम झालंय, डॉ. रघुनाथ माशेलकर तिथले डायरेक्टर होते आणि त्यांचं स्वतःचं संशोधन पॉलिमरमधलंच. विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांना आत जाऊन बघता येतं, पोरांना घेऊन जा, गर्दी असते, लवकर जा.

घरी कुठलं प्लास्टिक कुठलं ते ओळखायचं कसं? तळाचा (त्रिकोणातला, प्लास्टिकचा प्रकार सांगणारा) आकडा पुसला गेलाय.

बाटली आणि तिचं झाकण दोन्ही कापून तुकडे पाण्याच्या पातेल्यात टाका, साबणाचा एक थेंब घाला म्हणजे बुडबुडे चिकटून फसवणार नाहीत. बाटलीचा तुकडा बुडेल, पेट, घनता १.३८ च्या आसपास. झाकण तरंगेल, एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन, दोन्ही एकाहून कमी. पीव्हीसीही बुडतो. मग पेट कुठला आणि पीव्हीसी कुठला हे जाळून बघू का असं विचारतात, नका बघू, पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर येतो. त्यापेक्षा दुमडून बघा, जिथं दुमडलं तिथं पांढरी रेघ उमटली तर बहुतेक पीव्हीसी.